कप्तानाच्या नावाचा घास

१

सकाळी हात साबणानं धुवायचे, ते वाऱ्यावर वाळू द्यायचे आणि मगच आतल्या खोलीची कडी काढायची, हा माझा पेन्शनीतला नित्यनेम. देवाच्या खोलीत जाणारा माणूसही एवढंच करतो. माझ्या खोलीत देव नव्हते. तिथं कॅप्टन अँब्रोज थॉर्नली राहत असे.

हा कोण, असं परभणीत मला पुष्कळांनी विचारलं आणि उत्तर ऐकून घ्यायला कुणीच थांबलं नाही. इंग्रजांच्या आरमारातला हा मधल्या दर्जाचा अधिकारी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यानं कोकणच्या किनाऱ्यालगत शिशाचा गोळा बांधलेला दोर सोडून समुद्राची खोली मोजली. एक लढाई लढली, तीत विशेष काही घडलं नाही. बहिणीला पत्रं लिहिली, त्यांत दाढदुखी फार. शेवटी तापानं जहाजावरच मेला. लग्न नाही, मूल नाही, कबरसुद्धा नाही. शिडाच्या कापडात शिवून पाण्यात सोडून दिला.

त्याचा एक भाचा निजामाच्या फौजेत हिंगोलीच्या छावणीत होता. त्याच्या पेटीतून हे कागद आमच्या मुलखात आले. पोलीस ॲक्शननंतर साहेबलोकांच्या उरल्यासुरल्या सामानाची वासलात लागली, तेव्हा हैदराबादच्या जुमेरात बाजारात मला पत्रांचा पहिला गठ्ठा दिसला. विकणारा त्यात भाजके शेंगदाणे बांधून देत होता. मी शेंगदाण्यांसकट गठ्ठा घेतला. मग पत्रांत उल्लेख आहेत म्हणून पुस्तकं, पुस्तकांत उल्लेख आहेत म्हणून नकाशे. व्यसन असंच लागतं.

मी समुद्र पाहिलेला नाही. गंगाखेडला गोदावरी पुरात पाहिली आहे, तेवढ्यावर भागवतो. पण निजामाच्या अमलात उर्दूतून, पुढं हैदराबाद राज्यात इंग्रजीतून आणि शेवटी मराठीतून मी तहसील कचेरीत दुसऱ्यांचेच कागद लावत बसलो. राज्यं बदलली, टेबल तेच राहिलं. ज्यांना माझ्यावाचून कुणी नव्हतं असे हे पहिलेच कागद. त्यांना मी कडुलिंबाचा पाला घातला, लाल फीत बांधली, आणि समोरच्या भिंतीवर थॉर्नली घराण्याची वंशावळ माझ्या उत्तम अक्षरात काढून लावली. पाच पिढ्या. एकही जागा रिकामी नव्हती.

घरात माणसं दोनच. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. थोरला भाऊ रायभान गेला तेव्हा त्याची मेंढरं विकली आणि वैनीला, भिवराबाईला, मी चुडाव्याजवळच्या आमच्या गावाहून इथं आणलं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी रांगत होतो. तिच्या कडेवर वाढलो. त्यामुळं शेजारीपाजारी मला भुजंगराव म्हणत असले तरी तिच्या लेखी मी भुजंगाच. आतल्या खोलीला ती ‘सायबाची खोली’ म्हणे.

‘भुजंगा, तुझा सायेब उठला का रे? च्या ठिवू का त्याचाबी?’

मी हसत असे. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

२

दादाचं वर्षश्राद्ध होऊन गेलं आणि त्या भादव्यात पितरं माझ्याकडं आली. म्हणजे पितर घालण्याचा मान. घरात दुसरा पुरुषच नव्हता.

आमच्यात भटाचं काम नाही. गोवरीचे लाल इंगळ मांडायचे, त्यावर तूप सोडायचं आणि गेलेल्या एकेकाचं नाव मोठ्यानं घेऊन त्याच्या वाट्याचा घास इंगळावर ठेवायचा. याला आगारी म्हणतात. प्रत्येक नावाला मागं बसलेली भावकी ‘व्हय’ म्हणते, म्हणजे साक्ष झाली. दादा हे दरसाल करी. मी मागं बसून खिरीची वाट पाही.

पंचमीला सकाळच्या गाडीनं भावकीतला बिरू चार माणसं घेऊन आला. वैनीनं वडे, कढी, खीर, गवारीची भाजी केली होती. मी धोतर नेसून इंगळापुढं बसलो. कचेरीत कलेक्टरापुढं उभं राहताना वाटली नव्हती एवढी ऐट वाटली.

‘रायभान,’ म्हणालो. ‘व्हय.’ तूप चरचरलं.

‘लिंबाजी.’ माझे वडील. ‘व्हय.’

‘आश्रुबा.’ आजोबा. ‘व्हय.’

चौथा घास हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं की पणजोबाचं नाव मला ठाऊक नाही. विसरलं होतं असं नाही. ते कधी मी ऐकूनच घेतलं नव्हतं.

थॉर्नलीच्या पणजोबाचं नाव ठाऊक होतं. जोनाथन, धंदा दोरखंडाचा. बायको मार्था, पायानं अधू.

मागं बिरू खाकरला. इंगळांवर राख धरू लागली. मागं वळून ‘चौथं नाव काय हो?’ असं विचारणं एवढंच करायचं होतं. पण मी शिकलेला, मी पेन्शनर, भावकीत ज्याच्याकडं अर्ज लिहून घ्यायला लोक येत तो. घामानं घास हाताला चिकटू लागला आणि तोंडून जे निघालं ते असं:

‘अंबरोजीबा.’

मग सवयीनं बिरू म्हणाला, ‘व्हय.’

घास ठेवला. तूप ओतलं. धूर मात्र वर गेला नाही. तो जमिनीलगत सरकत, उंबऱ्यावरून, आतल्या खोलीच्या दाराखाली गेला. पावसाळी हवेत धूर असाच खाली बसतो. कुणालाही विचारा.

३

पाहुणे गेल्यावर वैनी भांडी घासता घासता म्हणाली, ‘ते अंबरोजीबा कोण रे?’

‘पणजोबा.’

‘कुणाचे?’

‘आपले, वैनी.’

‘मी साठ वर्सं ह्या घरात हाय. तुझ्या दादानं दरसाल नाव घेतलंय आन् मी दरसाल ऐकलंय. हे न्हाई.’

‘मग कोणतं?’

तिचा हात थांबला. ‘सासऱ्याच्या आज्याचं नाव मी घिऊ? लाज हाय का रे?’

हे मला कळायला हवं होतं. सासरच्या थोरल्यांचं नाव आमच्या बायका घेत नाहीत. वडिलांचं नाव लिंबाजी, म्हणून वैनी अंगणातल्या लिंबाला आजही ‘कडू झाड’ म्हणते. तिच्या तोंडून ते नाव निघणं म्हणजे भर बाजारात तिचा पदर पडणं.

‘बिरूला विचारतो,’ मी म्हणालो.

‘इचार. पण अमुशाच्या आत. सर्वपित्रीला समदे माघारी जात्यात. ज्याला घास पोचला न्हाई त्यानं काय करावं?’

‘काय करतो?’

‘मला काय ठावं? उपाशी माणूस काय करतो?’

मी हसलो. मग आतल्या खोलीत गेलो, तर मेजावर एक पत्र उघडं पडलेलं. फीत सोडलेली. मी कागद असा टाकत नाही, कचेरीतले शिपाई त्यावरून माझी नक्कल करत. पत्र माझ्या खुर्चीसमोर होतं, पण उलटं. म्हणजे खुर्चीत बसून पाहावं तर अक्षरं डोक्यावर उभी. आणि ओळीओळीवर ओल्या बोटाचा माग होता. शाई फिसकटली होती.

मी वैनीला हाक मारली. जरा मोठ्यानंच.

ती दारातूनच म्हणाली, ‘मला अक्षर कळतंय व्हय? मी कशाला हात लावू तुझ्या सायबाला? माज्या हाताला काय काम न्हाई का?’

खोलीत कुठंतरी पाल चुकचुकली. च्, च्. मी पत्र टिपकागदात दाबून ठेवलं.

४

पुढच्या दिवसांत असं रोज होऊ लागलं. कधी पत्र, कधी पुस्तक. नेहमी उलटं, नेहमी ओलं बोट. मग मला जे येतं ते मी केलं. तहसिलीत खजिन्याच्या खोलीला करत तसं दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर आडवी सही ठोकली, कडीवर लाख ओतून अंगठीचा शिक्का मारला. स्वतःच्या घरात स्वतःच्या सहीचा पहारा बसवून मी ओसरीवर चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव आले. हे इंग्रजीचे निवृत्त मास्तर; माझं थॉर्नलीवेड सहन करणारे गावातले एकमेव गृहस्थ. त्यांच्यादेखत मी शिक्का तपासला. अभंग. पट्टी अभंग. दार उघडलं.

फडताळातली सगळी पुस्तकं जमिनीवर ओळीनं मांडली होती. सगळी उघडी, सगळी उलटी.

‘उंदीर फार शिस्तीचे दिसतात,’ दिनकरराव म्हणाले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी एक पान पाहिलं. ‘भुजंगराव, हे बघा. शाई ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडं ओढली गेलीय. तुमचा चोर उर्दू शाळेतला आहे! उजवीकडून डावीकडं वाचतोय.’

‘पुस्तक उलटं धरल्यावर तसंच होणार.’

‘हां. म्हणजे उर्दूही येत नाही त्याला. काहीच येत नाही.’ ते हसले, पण उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि चटकन हात काढला. हात वंशावळीवर पडला होता. कागद ओला होता. थॉर्नलीच्या पाच पिढ्यांतल्या प्रत्येक नावावर बोट टेकवलेलं होतं. खालून वर. सगळ्यात वरच्या नावाशी बोट पुष्कळ वेळ टेकलं असावं, कारण तिथं कागदाला भोक पडलं होतं.

‘छपरातून गळतंय तुमच्या,’ दिनकरराव म्हणाले. छपराकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. ‘आणि वास कसला हो हा?’

‘समुद्राचा असेल,’ मी म्हणालो. विनोद म्हणून.

ते चहाला थांबले नाहीत.

५

वासाबद्दल मी दिनकररावांशी खोटं बोललो, आणि स्वतःशीही बोलू पाहत होतो. समुद्राचा वास मला माहीत नाही. म्हणून हा समुद्राचाच, असं ठरवायला हरकत नव्हती. माझा तर्कही बरा होता. जहाजावर मेलेल्या, कुणी नसलेल्या माणसाच्या नावानं मी घास टाकला, तो आला. ओलं बोट, ओला कागद. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मानायचंच तर इंग्रजी भूत मानावं. त्यात एक प्रतिष्ठा आहे. चार लोकांत सांगता येतं. त्या दिवसांत मला भीती वाटत होती आणि तिच्याखाली किंचित अभिमानही वाटत होता, हे लिहिताना माझे कान तापतात.

पण आरमारातला कॅप्टन स्वतःचंच पत्र उलटं का धरील?

आणि तो वास मला माहीत होता. पावसात भिजलेली घोंगडी रात्रभर घडी करून ठेवली की सकाळी जो येतो तो. लोकरीचा, लेंड्यांचा, ओशट. लहानपणी माझ्या अंगाला तोच यायचा. शाळेत मास्तर म्हणत, ‘लिंबाजीच्या पोराला दाराशी बसवा.’ नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी सुवासिक साबण घेतला आणि तेव्हापासून आजवर हात धुतो आहे.

मी चुडाव्याला गेलो. बिरू फलाटावरच भेटला.

‘आमची पाती निराळी, घराण्याची फांदीच दुसरी, भुजंगदादा,’ तो म्हणाला. ‘चौथं नाव रायभानदादालाच ठावं. आमी निस्तं मागं व्हय म्हणायचो. पर तुमी त्या दिशी घेतलं की नाव. अंबरोजीबा. लय भारी नाव हाय. माज्या नातवाला ठिवावं म्हणतो.’

‘ठेवू नकोस,’ मी म्हणालो.

‘का?’

गाडीची शिट्टी झाली, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

सरकारी दप्तरात पाहायचा विचारही आला. पण आमच्या पणजोबाला जमीन नव्हती, आणि जमीन नसलेल्या माणसाचं नाव सरकार लिहीत नाही. हे तर मीच एवढी वर्षं न लिहून सिद्ध केलं होतं.

६

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. वैनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, ‘कोण आलंय रे आत?’

‘कोण?’

‘मगापासून बसलंय. मला वाटलं तूच.’

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. शिक्का मी त्या दिवसापासून लावतच नव्हतो. ज्या कुलपाचा उपयोग नाही ते लावणं म्हणजे आणखी एक फजिती. मी ओसरीच्या खांबापाशी थांबलो. तिथून मेजाची कड आणि खिडकीखालची जमीन दिसते.

जमिनीवर कुणीतरी उकिडवं बसलं होतं. माझ्याकडं पाठ. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली, तिच्या टोकातून पाणी गळत होतं. समोर थॉर्नलीच्या पत्रांचा ढीग. एक पत्र उचललं जाई, नाकाशी धरलं जाई, उलटं. बोट जिभेला लावलं जाई. मग ते बोट ओळीवरून सावकाश सरके, जसं मेंढीच्या अंगावर गोचीड शोधताना सरकतं. शेवटच्या ओळीशी थांबे. मग जीभ टाळूला लागे.

च्.

पाल नव्हती ती. ती कधीच पाल नव्हती.

पत्र बाजूला ठेवलं जाई, हळुवार, आणि दुसरं घेतलं जाई. राग नव्हता. घाई नव्हती. हे सगळ्यात वाईट होतं. त्याला खात्री वाटत असावी की नातवाच्या पोरानं एवढे कागद जपून ठेवलेत, एवढी नावं भिंतीवर लावलीत, तर आपलंही कुठंतरी असणारच. फक्त शोधायला हवं.

मी तिथं किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. आत जाऊन ‘आजोबा, ते तुमचे नाहीत’ एवढं म्हणण्याची मला हिंमत झाली नाही. भीती होती, पण पाय भीतीनं अडले नव्हते. आत गेलो तर तो मान वर करील आणि विचारील, माझं कुठंय?

वैनीच्या सुपाचा आवाज थांबला. मी तिच्याकडं पाहिलं. पुन्हा आत पाहिलं तेव्हा जमिनीवर फक्त पत्रं होती, आणि त्यांच्यामध्ये उकिडव्या माणसाएवढी ओली जागा.

७

‘मेंढरं घिऊन गेल्याले,’ वैनी म्हणाली. मी विचारलं नव्हतं. ‘तुझे दादा सांगायचे. मेंढरं आली माघारी. माणूस न्हाई आला. लय पाऊस होता म्हणं. मेंढरांच्या मागं गाव गेला, तर निस्ती काठी घावली.’

‘वैनी, नाव सांग.’

‘न्हाई.’

‘माझ्या कानात सांग.’

‘तू दीर हायस. तुझ्यापुढं त्यांचं नाव घिऊ?’

‘दिनकररावांना सांग. ते मला सांगतील.’

‘परक्या बाप्याला सांगू? शिकून शिकून डोस्कं सडलं का तुझं?’

‘मग लिहून दे,’ मी म्हणालो, आणि म्हणताच तोंड फिरवलं. तिनं मात्र टोमणा मारला नाही.

अमावास्येच्या आदल्या दुपारी मी जेवून ओसरीवर पडलो होतो. डोळा लागला असावा. ओठांवर काहीतरी गार लागलं म्हणून जाग आली, पण डोळे उघडले नाहीत. उघडायचे नाहीत एवढी अक्कल मला झोपेतही होती. ओलं बोट होतं. खडबडीत. ते माझ्या खालच्या ओठावरून डावीकडून उजवीकडं गेलं, मग वरच्या ओठावरून परत आलं. ओळीवरून जातं तसं. मग दोन्ही ओठांच्या मधे थांबलं आणि किंचित दाबू लागलं. दार लोटून पाहावं तसं.

कागदांत सापडलं नव्हतं. आता जिथं असायला हवं तिथं तो पाहत होता.

मी दात आवळले. पुष्कळ वेळ आवळून धरले.

‘भुजंगा!’ वैनीची हाक आली, आणि बोट निघालं. ती समोर उभी होती. माझ्या तोंडाकडं बघत होती. मी हात फिरवला. हाताला ओशट, काळपट लागलं.

ती खाली बसली.

‘उद्या मी घिईन नाव,’ ती म्हणाली. ‘इंगळापाशी. तू भाईर उभा ऱ्हा. तुझ्या कानावर पडाया नगं.’

‘मला कळायलाच हवं ना? पुढच्या साली कोण घेणार?’

‘पुढच्या सालाचं पुढच्या साली. आदी त्यांना कळू दे की कुणाला तरी ठावं हाय.’

८

सर्वपित्रीला भावकी बोलावली नाही. वैनीनं थोडासा स्वयंपाक केला, इंगळ मांडले, आणि मला ओसरीच्या पलीकडं, कडू झाडाखाली उभं केलं. सकाळ होती, समोरच्या घरी कुणीतरी पोरांना शाळेसाठी हाका मारत होतं. टांगा गेला. सगळं इतकं रोजचं होतं की मला एकदा वाटलं, आपण दोघं म्हातारी माणसं वेडी झालो आहोत आणि हे कुणाला कळायच्या आत आटपायला हवं.

मी कान देऊन होतो. ती म्हणाली होती ऐकू नकोस, पण ते नाव चोरून का होईना मला हवं होतं. खिशात कागद आणि पेन्सिलही ठेवली होती. कारकून तो कारकूनच.

आतून तूप चरचरल्याचा आवाज आला. मग वैनीचा श्वास, धाप लागल्यासारखा. मग तिनं नाव घेतलं.

तिनं ते घेतलं हे नक्की. तिचा आवाज मी ऐकला, उंच, कापरा, माळावरून दूरच्या माणसाला मारावी तशी हाक. शब्द कानापर्यंत आला आणि नाव मात्र मला कळलं नाही. ते ऐकायला माझ्यात त्या क्षणी कुणी नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

कारण माझं तोंड उघडलं होतं.

‘ओ...’

लांब, सावकाश. पावसातून, मेंढरांच्या गर्दीपलीकडून कुणी द्यावी तशी ओ. माझ्या तोंडातून गेली. आवाज माझा नव्हता. पण गळा दुखला तो माझाच.

मी धावत आत गेलो. वैनी इंगळापुढं बसलेली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला, नाकापर्यंत, आणि अंग चोरून भिंतीकडं सरकली. नवी सून थोरल्या सासऱ्यासमोर सरकते तशी.

‘वैनी,’ मी म्हणालो. ‘अगं, मी आहे.’

तिनं वाकून माझ्या पायांपुढच्या जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

९

त्याला आता महिना झाला. खोली शांत आहे. कागद मी जिथं ठेवीन तिथंच राहतात. कॅप्टन थॉर्नलीचा राग येत नाही. तो बिचारा कधी आलाच नव्हता. मी एवढ्या वर्षांत त्याला किती हाका मारल्या, त्यानं एकीलाही ओ दिली नाही.

वैनी सगळं वेळेवर करते. पाण्याचा तांब्या, ताट, अंथरूण. पण समोर येत नाही. पाट मांडते आणि दाराआड जाऊन भिंतीला सांगते, ‘जेवायला वाढलंय म्हणावं.’ पहिला घास मी घेईपर्यंत ती स्वतः जेवत नाही. ताटात मऊ भात असतो, दात नसलेल्याला देतात तसा. माझे दात शाबूत आहेत.

ती मला भुजंगा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

परवा दिनकरराव आले होते. मी आत पडलो होतो. ओसरीवरून त्यांचा आवाज ऐकू आला, ‘भुजंगराव आहेत का?’

‘भुजंगा न्हाई,’ वैनी हळूच म्हणाली. ‘थोरले हायत. निजल्यात.’

‘थोरले? कोण पाहुणे आले म्हणायचे?’

बांगड्या वाजल्या. पदर सावरला असणार.

मी उठून बाहेर जायला हवं होतं. दारात उभं राहून म्हणायचं, मी इथं आहे, मी भुजंग. दिनकरराव हसले असते, कदाचित वैनीही हसली असती, आणि सगळं पूर्ववत झालं असतं. रोज सकाळी मी ठरवतो की आज सांगायचं. तिच्या दारापर्यंत जातो. ती पदर ओढते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

लाज वाटते, म्हणून सांगत नाही. लाजच, असं म्हणू या.